पुंजाचा झेंडू आणि माझी चार चाकं

मी एक पिकअप गाडी बोलतेय. समोरून पाहिलंत तर जीप, मागून पाहिलंत तर टेम्पो. म्हणून जीपवाले मला आपल्यात धरत नाहीत आणि टेम्पोवालेही धरत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही. एका दसऱ्याला माझ्या हौद्यातून जे गेलं, ते त्यांच्यापैकी एकाच्याही हौद्यातून गेलेलं नाही. तेवढं सांगायचं म्हणून तोंड उघडलंय.

माझा जन्म एक्याण्णव सालचा. पहिला मालक इगतपुरीकडचा ठेकेदार. धरणाच्या कामावर सिमेंट आणि सळया वाहताना माझी उमेदीची वर्षं गेली, आणि तिथल्या पावसानं माझ्या तळाचा पत्रा खाल्ला. मग मनमाडच्या एका व्यापाऱ्यानं घेतलं. स्टेशनवर उतरलेले कापडाचे गठ्ठे दुकानापर्यंत न्यायचे, एवढंच काम. तो माझ्याशी कधी वाईट वागला नाही, पण त्यानं माझ्याकडं कधी नीट पाहिलंही नाही.

अठ्ठ्याण्णव साली पुंजा आला. नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या अलीकडं एका लहान गावात त्याचं घर, भाजीपाला आणि फुलं पिकवणारी माणसं. गाडी बघायला आलेले लोक टायरला लाथ मारून बघतात, का ते मला आजवर कळलेलं नाही. पुंजानं लाथ मारली नाही. बॉनेटवर तळहात ठेवला आणि गुरांना विचारतात तसं विचारलं, "काय, येतीस का आमच्याकडं?"

बरोबर त्याचा धाकटा भाऊ बहिरू होता. शाळा सातवीतच सोडलेली, डोकं गरम, पाय कायम पळायच्या तयारीत. पुंजा घाटात ज्या गिअरवर मला शांतपणे चढवायचा, त्या गिअरवर बहिरू मला रडवायचा. "हळू रं, तिला बी जीव हे," असं पुंजा म्हणायचा. बहिरू हसायचा. भावाशिवाय त्याला कोणी रागावलेलं चालत नसे.

आता वाटेचं सांगते, कारण सगळं त्या वाटेवरच घडलं. गावातून पुंजाच्या मळ्याकडं जाताना मारुतीच्या देवळाशी डांबर संपतं. पुढं मुरूम. मग ओहोळ. ओहोळापलीकडं काळ्या मातीचा पट्टा, आणि त्यानंतर चढावर मळा. उन्हाळ्यात मी थेट मळ्यात जायचे. आषाढ लागला की ओहोळाच्या अलीकडं थांबायचे. मग दसऱ्यापर्यंत मळ्यातली प्रत्येक वस्तू बायांच्या डोक्यावरून माझ्यापर्यंत यायची. टोमॅटो, वांगी, झेंडू. सगळ्यात पुढं पुंजाची बायको चांगुणा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाय घोट्यापर्यंत चिखलात.

पुंजा दरवर्षी म्हणायचा, "पुढच्या साली गाडी मळ्यातच आणतो बघ."

"तुमचं पुढचं साल लय लांब राहतं," चांगुणा म्हणायची आणि मान चोळत परत पाटी आणायला जायची.

दोन हजार सहा साली पुंजानं दसऱ्यासाठी झेंडू लावला. रोपं हाताएवढी झाली आणि श्रावणात, विहिरीवरची मोटार चालू करताना त्याला शॉक लागला. जागीच गेला. मी ओहोळाच्या अलीकडं उभी होते. त्याला चिखलातून चौघांनी उचलून आणलं. बहिरूच्या खांद्यावर त्याचे पाय होते. मध्येच बहिरू घसरला, गुडघ्यावर पडला, पण पाय त्यानं सोडले नाहीत. मग पुंजाला माझ्या हौद्यात ठेवलं. माझ्यात आजवर पुष्कळ ओझं चढलं. तसं जड एकही नव्हतं.

दहाव्याला सगळे नदीवर गेले. मी काठावर उभी होते. पिंड ठेवला आणि माणसं मागं सरली. कावळे झाडावर होते, पण एकही खाली येईना. अशा वेळी गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते माणसं ओळखून बोलतात. पुंजाचे मामा म्हणाले, "पुंजा, तुझ्या पोरींची काळजी करू नको." कावळा हलला नाही. त्याची आई, नवसाबाई, म्हणाली, "चांगुणाला मी लेकीवानी ठेवीन." कावळा हलला नाही. चांगुणा पदर तोंडात धरून उभी. ऊन वर आलं, माणसांची चुळबूळ सुरू झाली.

बहिरूला उभं राहवेना. तो पुढं गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दादा, तुझा झेंडू मी आपल्या गाडीनं मळ्यातून काढीन. ह्या दसऱ्याला एक पाटी कोणाच्या डोक्यावर चढू देणार नाय."

कावळा उतरला.

आता तुम्ही म्हणाल, कावळ्याला भूक लागली असेल. असेलही. पण त्या गावात त्या दिवसापासून बहिरूचा शब्द कावळ्यानं शिवलेला शब्द झाला, आणि तो माझ्या चार चाकांवर येऊन पडला. चाकं कशी, तर दोनदा नवं रबर चढवलेली, पुन्हा झिजून गुळगुळीत झालेली.

शेजारच्या गोटीरामनं चांगल्या मनानं सांगितलं, "माझा ट्रॅक्टर ने ना. कशाला जिवाला लावून घेतो?"

"मी दादाला गाडी म्हणलोय," बहिरू म्हणाला.

त्याला थांबता येत नव्हतं. रडता तर त्याहून येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तो मला घेऊन नाशिकला गेला आणि द्वारका चौकाजवळच्या एका भंगारवाल्याकडून चार टायर उचलून आणले. कुठल्या तरी लष्करी गाडीचे. ट्रॅक्टरसारख्या खोल खाचा, आणि रुंद इतके की माझ्या अंगात मावेनात. स्टिअरिंग फिरवलं की मडगार्डला घासायचे. दुसऱ्या कोणी ते परत केले असते. बहिरूनं छिन्नी आणि हातोडी घेतली आणि माझे मडगार्डच कापले.

डांबरावर त्या टायरांनी असा घुमणारा आवाज काढला की वाटेतली कुत्री माझ्याआधी पळायला लागली. बहिरू खूश. देवळाशी माणसं जमली होती. मुरूम ओलांडला, ओहोळही ओलांडला. मग काळी माती आली. तिनं त्या खोल खाचा गच्च भरून टाकल्या. चार गिरक्यांत माझी चाकं लिंपून काढल्यासारखी गुळगुळीत झाली आणि जागच्या जागी फिरायला लागली. इथं पाय काढून घ्यायचा असतो. बहिरूनं अॅक्सिलरेटर दाबला. चाकं खाली गेली. त्यानं आणखी दाबला. मी पोट टेकून बसले.

गोटीराम काठावरून बघत होता. "बहिरू, पाणी लागलं का रं?"

माणसं हसली. बहिरू उतरला आणि दरवाजा असा आपटला की काच खाली घसरली. ट्रॅक्टर त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात होता, म्हणून शेवटी गोटीरामचे बैल आले आणि त्यांनी मला ओढून काढलं. बैलांपुढं मान खाली घालायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

माणसं गेल्यावर बहिरूनं माझ्या बॉनेटवर डोकं टेकलं. चांगुणा तिथंच थांबली होती. ती म्हणाली, "भाऊजी, ट्रॅक्टर मळ्यात राहतो. ही गाडी नाशिकला जाते. तिला ट्रॅक्टरचे पाय घालून कसं होईल?"

"मग कसले घालू? तुम्ही सांगा."

"मला काय कळतंय टायरातलं. वाट कळती. उद्या मी येते."

नव्या टायरच्या पैशांसाठी बहिरूनं आपली मोटरसायकल गोटीरामच्या मेहुण्याला विकून टाकली. त्या मोटरसायकलला तो कोणाला हात लावू देत नसे. किल्ली देताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. तेव्हापासून मडगार्डाचा राग माझ्या मनातून गेला.

नाशिकात मुंबई नाक्याजवळच्या टायरच्या दुकानात मालकानं विचारलं, "कसले पाहिजेत?"

"चिखलातले," बहिरू म्हणाला.

"आणि चिखल संपल्यावर?"

माझ्या पुढच्या सीटवरून चांगुणा खाली उतरली. नवरा जाऊन महिनाही न झालेली बाई, चार पुरुषांपुढं बोलायची सवय नाही. तिनं पदर सारखा केला आणि वाट चालल्यासारखी सांगत गेली. "आधी डांबर, नाशिकपर्यंत. देवळापासून मुरूम. मग ओहोळ, त्यात गोटे, नारळाएवढे, शेवाळलेले. त्याच्यापुढं काळी माती. पायातली चप्पल ओढून घेते अशी. मग चढ. परत येताना तेच उलटं, आणि गाडी भरलेली."

मालकानं मान हलवली आणि तीन टायर आणून मांडले. एक डांबराचा, बारीक रेघांचा. एक नुसत्या चिखलाचा, खोल खाचांचा, बहिरूनं आणला होता त्याचा भाऊच. तिसरा मधला. "याला ऑल टेरेन म्हणतात. सगळ्या वाटांचा."

"हा तर साधाच दिसतो," बहिरूचं तोंड पडलं. त्याची नजर पुन्हा पुन्हा त्या खोल खाचांच्या टायरकडं जात होती.

चांगुणा खाली बसली. तिनं चिखलाच्या टायरच्या खाचेत बोट घातलं आणि बाजूला सरकवलं. बोट अडकलं. मग मधल्या टायरच्या खाचेत घातलं. तिथून ते सरकत सरकत कडेनं बाहेर पडलं.

"भाऊजी, ह्याच्यातून बोट बाहेर निघतं. माती बी निघंल."

"बरोबर," मालक म्हणाला. "चाक फिरलं की माती कडेनं फेकली जाते. आणि भाऊ, कंपनीच्या मापाचाच घ्या. रुंद घ्याल तर परत छिन्नी चालवावी लागेल." त्यानं माझ्या कापलेल्या मडगार्डाकडं पाहिलं होतं. "मळ्यात शिरताना थोडी हवा सोडा, म्हणजे टायर पसरून बसतो. डांबरावर आलात की पुन्हा भरा."

चार नवे टायर माझ्या अंगावर चढले. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, तुम्ही पाहिले असतील. घरी येताना वाऱ्यावर ते केस थरथरत होते आणि मला पंधरा वर्षांनी कोणीतरी न्हाऊमाखू घातल्यासारखं वाटत होतं.

अंगणाच्या तोंडाशी नवसाबाई उभी होती. तिनं हात आडवा केला.

"बहिरू, घरातलं माणूस गेलंय. वर्ष सरायच्या आत नवं काही दारात आणत नसतात."

"आई, टायर हे. काय लुगडं नाय."

"नवं ते नवं."

"मग मी दादाला खोटं बोलू?"

नवसाबाईनं आडवा केलेला हात खाली घेतला नाही. मी अंगणाबाहेरच राहिले. आठ वर्षं ज्या अंगणात उभी राहिले, तिथं मला मनाई. रात्री घरात कोणी जेवलं की नाही ते मला कळलं नाही, भांड्यांचा आवाज आला नाही एवढं खरं.

सकाळी म्हातारी काठी टेकत बाहेर आली. माझ्याभोवती फिरली. टायरच्या केसांवरून बोट फिरवलं. मग कुंपणापलीकडं हाक मारली, "गोटीराम, तुझा टोमॅटो कशात जातोय?"

"भाड्याच्या टेम्पोत, काकू. का?"

"आमची गाडी ने. झेंडू निघंपर्यंत तूच वापर. तू वापरून जुनी करून दे."

बहिरू दारात येऊन उभा राहिला होता. नवसाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली, "नवं नको म्हणले होते मी. टायर नको म्हणले नव्हते."

गोटीरामला हसू आवरेना. "काकू, असलं दुखवट्याचं काम मला दरसाल सांगत जा." पण त्यानं माझी काळजी घेतली. त्याचा टोमॅटो घेऊन मी गिरणाऱ्याच्या बाजारात जायचे, कधी नाशिकला. पावसात, खडीवर, शेणाच्या रेंद्यातून. संध्याकाळी नवसाबाई यायची आणि टायरवर तळहात फिरवून परत जायची. एका संध्याकाळी तिचा हात कुठंच अडला नाही. केस सगळे झडले होते.

"झाले जुने," ती म्हणाली. "घे आत."

त्या साली ऑक्टोबर उजाडताच दसरा आला आणि पावसानं पाय मागं घेतलाच नव्हता. झेंडू टपोरा, पाण्यानं जड झालेला. दोन दिवसांत निघाला नाही तर झाडावरच काळा पडणार. गोजराबाई, सखुबाई आणि बाकीच्या तोडणीच्या बाया सकाळीच आल्या. प्रत्येकीनं चुंबळ आणली होती. बहिरूवर विश्वास नव्हता असं नाही, पण वाट त्यांनाही माहीत होती.

बहिरूनं देवळाशी माझी थोडी हवा सोडली. मुरूम गेला. ओहोळात शेवाळलेल्या गोट्यांवर नवे टायर पाय रोवून चालले. आणि काळी माती आली. पुढची चाकं शिरली, मागची शिरली, आणि अर्ध्यात मागच्या चाकांची पकड सुटली. माझा हौदा रिकामा होता. मला पुढं रेटतात ती मागची चाकं, आणि त्यांच्यावर वजनच नाही.

बहिरूचा पाय अॅक्सिलरेटरवर होता. तो पाय मला ओळखीचा होता. मी पोट टेकायची तयारी केली.

"सोड रं, पाट्या आम्ही डोक्यावर आणतो," मागून चालत आलेली गोजराबाई म्हणाली. "आम्हाला सवय हे. तुझ्या दादाला कळंल."

बहिरूनं इंजिन बंद केलं.

माझ्या सगळ्या आयुष्यात त्या पोराला अडल्या जागी थांबताना मी पहिल्यांदा पाहिलं. तो तसाच बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग मान बाहेर काढून म्हणाला, "गोजराबाई, सगळ्याजणी मागं चढा. हौद्यात, पार मागच्या फळीला टेकून बसा. वजन पाहिजे."

"मेल्या, मला वजन म्हणतो व्हय?"

"तुला नाय, सखुबाईला."

"आणि ही काय कापूस हे का," सखुबाई म्हणाली आणि साडी खोचून चढली. एकीनं दुसरीला ओढलं. दहाव्यानंतर त्या बाया पहिल्यांदाच हसल्या. चांगुणा शेवटी चढली.

बहिरूनं मला सुरू केलं, आणि पुंजा चढवायचा तसं चढवलं. पहिल्या गिअरवर, न रडवता. मागची चाकं चिखलात बसली, थोडी घसरली, आणि धरली. खाचांत माती भरत होती आणि प्रत्येक फेऱ्याला कडेनं उडत होती. फट फट आवाज येत होता. काळे गोळे दोन्ही बाजूंनी उडत होते. बाया ओरडत होत्या, एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी पाऊल पाऊल पुढं जात होते. पट्टा संपला. चढ लागला. तो तर मला आईच्या मांडीसारखा वाटला.

पुंजाचा झेंडू रानात उभा असलेला मी पहिल्यांदा पाहिला. इतकी वर्षं मी फक्त त्याच्या पाट्या पाहिल्या होत्या. अख्खं रान केशरी होतं.

बहिरू खाली उतरला, एका वाफ्यात उकिडवा बसला आणि तिथं त्याला एकदाचं रडू आलं. चांगुणा त्याच्याजवळ गेली नाही. तिनं बायांना सांगितलं, "चला, तोडायला लागा. त्याला बसू द्या."

दुपारी हौदा काठोकाठ भरला. भरलेली मी जड होते, पण आता मागची चाकं मातीला सोडतच नव्हती. उतार, काळी माती, गोटे, मुरूम. देवळाशी गोटीराम उभा होता. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. पुढच्या सीटवर चांगुणा बसली होती. सवयीनं घेतलेली चुंबळ तिच्या हातात होती. तिचं काय करावं ते तिला कळेना. शेवटी तिनं ती सीटवर ठेवली आणि तिच्यावर बसली.

दोन दिवस मी फेऱ्या मारल्या. एक पाटी कोणाच्या डोक्यावर चढली नाही.

दसऱ्याच्या दिवशी शेवटचा माल टाकून आम्ही नाशिकहून परत निघालो. दसऱ्याला गाड्या कशा नटतात ते तुम्हाला माहीत आहे. ट्रक, रिक्षा, स्कूटर, पाण्याचे टँकर, कोणाच्या हँडलला, कोणाच्या आरशाला, कोणाच्या नाकावर झेंडू. माझं नाक मोकळं होतं, घरात दुखवटा. एका सिग्नलला शेजारच्या ट्रकवाल्यानं विचारलं, "काय भाऊ, हार नाय घातला?"

बहिरूनं त्याच्या ट्रकवरच्या हाराकडं पाहिलं, मग समोरच्या रिक्षेच्या, मग पलीकडच्या बसच्या. "आमचाच हे," तो म्हणाला. "सगळ्यांनी घातलाय."

ट्रकवाल्याला काही कळलं नाही. मला कळलं. त्या दिवशी नाशिकच्या रस्त्यांवर मी मान वर करून चालले.

आज त्याला तीन वर्षं झाली. माझा पत्रा गंजलाय, हेडलाइट एकाच डोळ्यानं नीट बघतो, आणि कागदोपत्री मी आता म्हातारी आहे. टायर अजून तेच आहेत. खाचा थोड्या झिजल्या, पण बोट घातलं तर अजून कडेनं बाहेर निघतं. बहिरूनं मडगार्डला पत्रा जोडून घेतलाय. तो वाकडा आहे, पण त्यानं स्वतः जोडलाय.

पावसाळ्यात मी रोज मळ्यात जाते. आणि गेल्या वर्षापासून मला मळ्यापर्यंत चांगुणा चालवते. बहिरूनंच शिकवलं. शिकवताना तो शेजारी बसून म्हणायचा, "हळू वहिनी, तिला बी जीव हे." आता ती डांबरावरही येते, देवळापासून गिरणाऱ्याच्या बाजारापर्यंत. नवसाबाई कधीमधी पुढच्या सीटवर बसते आणि वाटेतल्या प्रत्येकाला हात करते.

तेव्हा एक मागणं आहे. त्या रस्त्यानं कधी आलात आणि पुढं एक जुनी पिकअप हळू चाललेली दिसली, तर मागून हॉर्न वाजवू नका. भरलेली असते, आणि चांगुणा उताराला गिअर बदलत असते. तेवढं होऊ द्या. मग बाजूला घेऊन ती स्वतःच तुम्हाला हात दाखवील, आणि जा म्हणेल.